सात टक्के अंबाडी

अंबाडी कंबरेला लागायला आली होती आणि पहिली खुडणी दोन दिवसांवर होती, नेमकं तेव्हाच काउंटीचं पत्र आलं.

प्रतिमा कारल्याच्या मांडवाशी उकिडवी बसून ठिबकच्या नळीला पडलेलं भोक अंगठ्यानं दाबत होती. कायोटी म्हणून इकडचे कोल्हे असतात, ते उन्हाळ्यात पाण्यासाठी नळ्या चावतात. दर आठवड्याला सात-आठ भोकं हुडकून तिथे जोड बसवायचे, हे तिचं काम. श्रीराम घरातून फोन वाचत वाचत आला. चालताना खाली बघायची सवय त्याला कधीच नव्हती. येता येता त्यानं कारल्याचा एक वेल तुडवला आणि तेही तिनं पाहिलं.

"गांजा म्हणतायत," तो म्हणाला.

"कशाला?"

"आपल्या अंबाडीला."

तिनं अंगठा काढला तशी पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या चष्म्यावर उडाली. एरवी ती हसली असती.

फ्रिस्कोपासून तासाभराच्या अंतरावर वेदरली काउंटीत त्यांची ही सात एकर जमीन होती. श्रीरामनं सव्वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. प्रतिमा वाशीमकडच्या शेतकऱ्याची मुलगी. जमीन बघायला आले तेव्हा एजंट बाई घराचं छप्पर नि स्वयंपाकघराचा ओटा दाखवत होती आणि प्रतिमा मागच्या रानात जाऊन उभी राहिली होती. माती काळीभोर होती आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. तिनं तिथूनच नवऱ्याला मान हलवून हो म्हटलं. घर तिनं नंतर पाहिलं.

त्याला आता सहा वर्षं झाली. भेंडी, कारली, गवार, चवळीच्या शेंगा नि अर्धा एकर अंबाडी. तिच्या वडिलांच्या शेतात ज्वारीच्या तासांमध्ये, म्हणजे पेरणीच्या ओळींमध्ये, अंबाडीची एक ओळ असायचीच. इथे दुपारी दक्षिणेकडून जो वारा सुटतो तो भट्टीच्या तोंडाशी उभं राहावं तसा लागतो, आणि त्यात अंबाडीचं पान एका दिवसात चिवट होतं. म्हणून तिनं अंबाडी मधोमध पेरून चहूबाजूंनी ज्वारीच्या आठ-आठ ओळी लावल्या. ज्वारी पुरुषभर उंच गेली आणि तिच्या आडोशाला अंबाडी अशी कोवळी राहिली की हात लावला तर देठ मोडावा.

पत्रात नेमकं तेच लिहिलं होतं. काउंटीनं गेल्या वर्षापासून पिकांची तपासणी एआयकडे दिली होती. दर मंगळवारी ड्रोन यायचं, फोटो काढायचं आणि कुठे काय उगवलंय ते मशीन ठरवायचं. मशीनचं म्हणणं असं की उंच पिकाच्या आड लपवलेली लागवड, पाच बोटांची पानं, दाट पेरणी, यावरून विनापरवाना गांजा असण्याची शक्यता त्र्याण्णव टक्के. निकाल लागेपर्यंत पीक कापू नये, शेताबाहेर नेऊ नये, विकू नये. तीस दिवसांत ते स्वतः नष्ट करावं, नाहीतर काउंटीचा माणूस येऊन करील. हरकत असल्यास ती ऑनलाइन नोंदवावी, तिची तपासणी माणसाकडून होईल.

"बघ, माणसाकडून," श्रीराम म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता.

त्याला कारण होतं. काउंटीनं हे मशीन आणायचं ठरवलं तेव्हा लोकांची मतं ऐकायला सभा ठेवली होती. तिथे तीन मिनिटं बोलायला उभा राहिलेला श्रीराम हा एकटाच देशी माणूस. तो म्हणाला होता, मशीन जरूर आणा, पण शेवटचा निर्णय माणसानं तपासल्याशिवाय देऊ नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांची गोष्ट प्रतिमानं पुढे वर्षभर प्रत्येक पाहुण्यासमोर ऐकली होती.

"मग उरलेले सात टक्के काय आहे म्हणतात?" तिनं विचारलं.

"ते सांगत नाहीत."

"मी सांगते. अंबाडी आहे ती."

श्रीराम त्या दुपारी हरकत लिहायला बसला. फॉर्मवर पिकांची यादी होती आणि त्यातलंच एक निवडायचं होतं. अंबाडी नव्हती. प्रतिमा म्हणाली, भेंडी लिहा, भेंडीच्याच घरातली आहे, पानसुद्धा थोडंफार तसंच. तो म्हणाला, सरकारी कागदावर मी खोटं लिहिणार नाही. मग त्यानं 'इतर' निवडलं आणि चौदा पानांची फाइल जोडली. तिच्यात फोटो होते, तक्ते होते, कुठल्याशा विद्यापीठाचा लेख होता. मशीननं चटकन उत्तर दिलं की 'इतर' प्रकारच्या हरकतींना दहा कामाचे दिवस लागतात.

"भेंडी लिहिलं असतं तर?"

"तीन," तो म्हणाला, आणि चष्मा पुसत बसला.

दहा दिवस थांबायचं म्हणजे काय हे शेताकडे बघणाऱ्यालाच कळतं. अंबाडी थांबत नव्हती. ऑगस्टचं ऊन, ठिबकचं पाणी आणि काळी माती, मग ती कशाला थांबेल? शेंडा खुडला की बाजूनं फुटवे येतात आणि पीक कोवळं राहतं. नाही खुडला तर ती सरळ वर जाते, देठाला बारीक काटे धरतात, पान जाड होतं आणि आंबटपणा उतरून तुरटपणा येतो. रोज पहाटे प्रतिमा भेंडी तोडायला जायची आणि येताना ज्वारीच्या ओळींतून आत शिरून अंबाडीजवळ उभी राहायची. हात लावायचा नव्हता, म्हणून ती दोन्ही हात पदराखाली धरावेत तसे टी-शर्टच्या खाली गुंडाळून उभी राहायची. स्वतःच्या शेतात आपण चोरासारखं उभं आहोत, याची तिला लाज वाटायची आणि तेवढाच राग यायचा.

एकदा तिनं काउंटीच्या नंबरवर फोन केला. तिकडून मशीनचा गोड आवाज आला. गांजा असेल तर एक, धाग्यासाठीची भांग, म्हणजे हेम्प, असेल तर दोन, दोन्ही नसेल तर तीन. तिनं तीन दाबलं. आवाज म्हणाला, आपण पीक नष्ट केलं असल्याचं कळवत आहात का? ती म्हणाली, नाही. आवाज म्हणाला, समजलं नाही, पुन्हा सांगा. असं चार वेळा झाल्यावर तिनं अस्सल वऱ्हाडीत एक वाक्य ऐकवलं. ते मात्र आवाजानं बिनतक्रार नोंदवून घेतलं आणि तिचे आभार मानले.

तेवढ्यात फ्रिस्कोहून नीनाचा फोन आला. ही महाराष्ट्र मंडळाची उत्साही बाई, दरवर्षी महालक्ष्म्यांसाठी अंबाडीची यादी तीच करायची. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या घरांत महालक्ष्म्यांच्या जेवणाला अंबाडीची भाजी लागतेच, आणि ती आजूबाजूच्या शंभर मैलांत फक्त प्रतिमाकडे मिळायची.

"काकू, या वर्षी सव्वीस घरं आहेत हं," नीना म्हणाली. "मी लिस्ट फायनल केलीय. संडेला महालक्ष्म्या येतात, मंडेला जेवण. लाँग वीकेंड आहे, सगळ्यांनी सुट्टी पण टाकलीय. सॅटर्डेला पिकअप करू ना?"

प्रतिमानं सगळं सांगितलं. नीना आधी हसली. मग म्हणाली, "पण काकू, फ्रोझन मिळते का बघू?" महालक्ष्म्यांना बर्फातली भाजी. प्रतिमानं तिला सांगून टाकलं की शनिवारी भाजी मिळेल. फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण शब्द देऊन बसलो.

नवव्या दिवशी उत्तर आलं. श्रीरामनं वाचलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला, तेव्हाच ती समजली. दोन ओळी होत्या. आपल्या हरकतीची माणसाकडून तपासणी झाली आहे. निर्णय कायम आहे.

"कोणत्या माणसाकडून?" प्रतिमानं विचारलं.

"नाव नाही दिलेलं."

"नाव नसलेला माणूस कसा असतो?"

श्रीरामनं पालथा फोन पुन्हा सुलटा केला. त्यानं पुन्हा अपील करता येतं का ते शोधलं. येत होतं, पण त्याला वीस दिवस लागणार होते. तो ते भरायला बसला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं गाडीची किल्ली घेतली.

मंगळवारी दुपारी ती काउंटीच्या कार्यालयात होती. सोबत अंबाडीचं एक झाड आणायचं तिच्या मनात होतं, पण शेताबाहेर नेणं हाही गुन्हा, असं म्हणून श्रीराम दारात आडवा झाला होता. म्हणून तिनं फोनवर फोटो आणले होते आणि श्रीरामलाही आणलं होतं. काचेमागच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं की तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव देता येत नाही, त्यांच्यावर दबाव येऊ नये म्हणून तसा नियम आहे. नियम आहे म्हटल्यावर श्रीराम थँक यू म्हणून वळलासुद्धा. प्रतिमा तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिली. एसी इतका थंड की गुडघे दुखायला लागले.

साडेबाराला बाजूच्या दारातून एक साठीचा माणूस डबा घेऊन बाहेर पडला. पार्किंगच्या कडेला फुलझाडांचा वाफा होता. तो चालता चालता थांबला, वाकला, आणि त्यात शिरलेला हरळीचा एक वेल मुळाशी चिमटीत धरून अलगद उपटला. मुळी तुटू दिली नाही. प्रतिमा काचेतून बघत होती. ती उठली.

"हाच," ती नवऱ्याला म्हणाली. "याच्या हाताला शेत माहीत आहे."

त्या माणसाचं नाव रे. आधी तो बोलायला तयार नव्हता, मला परवानगी नाही म्हणाला. प्रतिमानं फोन त्याच्यापुढे धरला. देठाचा जवळून काढलेला फोटो होता, तांबूस, बारीक काट्यांचा. त्यानं चष्मा वर केला आणि फोन हातातच घेतला.

हे मी पाहिलंय, तो म्हणाला. भेंडीच्या कुळातलं आहे. स्क्रीनवर आलं तेव्हाच कळलं होतं की हा गांजा नाही.

प्रतिमाला वाटलं आपलं इंग्रजी कमी पडलं. तिनं श्रीरामकडे पाहिलं. त्याचाही चेहरा तसाच झाला होता.

रे बावीस वर्षं काउंटीचा पीक-निरीक्षक होता. पिकअप ट्रक घेऊन शेताशेतांत जायचा. मशीन आलं तशी पिकअप गेली आणि त्याला खुर्ची मिळाली. अख्ख्या काउंटीला तपासणारा माणूस तो एकटा. दिवसाला चारशे फोटो, एकेकाला अकरा सेकंद, कोपऱ्यात मशीनचे टक्के लाल अक्षरांत आणि खाली दोन बटणं, सहमत आणि असहमत. असहमत दाबलं की कारणांचा अकरा पानी फॉर्म, आणि महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा दाबलं की याची मशीन वापरण्याची पात्रता तपासायला वरून समिती बसते. मागे एकाची बसली होती. त्याला घरी पाठवलं.

या महिन्याचे तीन संपलेत, रे म्हणाला. एका म्हाताऱ्याची भेंडी, एकीचे टोमॅटो, आणि एका चर्चच्या अंगणातला जपानी मेपल. तुमचं शेत चौथं आलं.

"म्हणजे तुम्ही खोटं बटण दाबलं," प्रतिमा इंग्रजीत म्हणाली. हे वाक्य तिला बरोबर जमलं.

"हो," रे म्हणाला आणि त्यानं खाली पाहिलं. त्याच्या हातात तो वेल अजून तसाच होता.

पहिल्या तारखेला माझे तीन परत येतात, तो पुढे म्हणाला. अपील टाकून ठेवा, प्रकरण उघडं असेल तर ते माझ्याच स्क्रीनवर येईल. बंद झालेलं मात्र मला दिसतसुद्धा नाही. श्रीरामनं तिथेच फोनवर अपील टाकलं आणि कॅलेंडर काढलं. पहिली तारीख सोमवार होती. लेबर डेची सुट्टी. कार्यालय मंगळवारी उघडणार होतं आणि महालक्ष्म्या सोमवारी जेवून मंगळवारी जाणार होत्या.

परतीच्या वाटेवर गाडी पंधरा मैल आली. मग श्रीराम म्हणाला, "तीनचा नियम मूर्खपणाचा आहे. मी सभेत हे मांडायला हवं होतं. तपासणाऱ्याला नाही म्हणायची मुभा किती, हे कुणी विचारलंच नाही."

"तुम्ही तीन मिनिटं बोललात ना," ती म्हणाली. "टाळ्या पण वाजल्या."

हे लागलं त्याला. तिलाही ते माहीत होतं, पण तिनं परत घेतलं नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला तिनं विळा आणि प्लॅस्टिकचे क्रेट काढले. लपवायचं असतं तर अंधारात केलं असतं. ती उजाडायची वाट बघत ओसरीत बसली आणि लख्ख दिसायला लागल्यावर रानात गेली. अंबाडी आता तिच्या छातीपर्यंत आली होती. खालची पानं गेलीच होती. ज्वारीच्या सावलीतल्या ओळींचे वरचे वीतभर शेंडे मात्र अजून कामाचे होते. तिनं पहिला शेंडा खुडला, पान तोंडात टाकलं आणि चावलं. आंबट होतं. इतक्या दिवसांच्या रागानं ती तिथेच उभी राहून मिनिटभर रडली.

मागे पाचोळा वाजला. श्रीराम आला होता. पायात बूट, हातात बागेतली कात्री आणि खिशात घडी केलेली त्या पत्राची प्रिंट.

"विकू नये म्हटलंय," प्रतिमा म्हणाली. "मी विकणार नाही, देणार आहे."

"कापू नये असंही म्हटलंय. आणि नेऊ नये."

"म्हणजे?"

"म्हणजे तीनपैकी दोन आपण मोडतोय, एवढं फक्त सांगितलं," तो म्हणाला आणि दुसऱ्या ओळीला वाकला.

आयुष्यात त्यानं कधी लाल सिग्नल तोडला नव्हता. रात्री दोनला रिकाम्या चौकातसुद्धा तो थांबायचा. आता तो शेजारच्या ओळीत वाकून शेंडे कापत होता, वाईट कापत होता, देठ लांब ठेवत होता आणि हाताला काटे टोचले की हळूच हात झटकत होता. तिनं त्याला खुडायचं कसं ते दाखवलं. दहापर्यंत ऊन असह्य झालं. पाठीवर मिठाचे डाग पडले, बोटं काळी-हिरवी झाली, आणि श्रीरामची कंबर अशी धरली की तो शेवटच्या दोन ओळी गुडघ्यांवर सरकत गेला. शेंडे झाल्यावर तिनं उरलेले दांडे जमिनीपासून वीतभर ठेवून विळ्यानं पाडले, फुटवे यावेत म्हणून. वडील असंच करायचे.

संध्याकाळी फ्रिस्कोत मंडळाच्या पार्किंगमध्ये सव्वीस घरांना सव्वीस पिशव्या गेल्या. कुणाकडून काही घेतलं नाही. बायकांना ते आवडलं नाही, त्यांनी डबे नि ओटीचे नारळ प्रतिमाच्या व्हॅनमध्ये कोंबले. सोमवारी दिवसभर फोटो येत राहिले. मुखवटे, साड्या, फराळ, आणि प्रत्येक ताटात डाव्या-उजव्या बाजूला कुठे ना कुठे तो हिरवा गोळा. प्रतिमानं एकेक फोटो मोठा करून भाजीच बघितली.

बुधवारी मेल आली. ती श्रीरामनं मोठ्यानं वाचली, कारण तिनं तसं सांगितलं.

'ताज्या हवाई पाहणीनुसार आपण प्रतिबंधित पीक मुदतीत नष्ट केल्याचं आढळलं आहे. सहकार्याबद्दल आभार. आपलं अपील निकाली काढून प्रकरण बंद करण्यात येत आहे. आपली जमीन पुढील तीन वर्षं विशेष निरीक्षणाखाली राहील. पीक कशा प्रकारे नष्ट केलं ते नोंदीसाठी कळवावं.'

श्रीरामनं सुटकेचा श्वास सोडला. झालं ते बरंच झालं, तो म्हणाला. भाजी पोचली, दंड नाही, कोणी पकडलं नाही. आता 'कापून' एवढं लिहायचं आणि विषय संपवायचा.

"म्हणजे आपण गांजा लावला होता," प्रतिमा म्हणाली.

"तसं कुठे लिहिलंय?"

"प्रतिबंधित पीक नष्ट केलं, आभार. दुसरं काय लिहिलंय? सव्वीस घरच्या महालक्ष्म्या काय जेवल्या मग?"

श्रीरामनं मेल पुन्हा वरपासून वाचली.

"आणि पुढच्या वर्षी पेरली की पुन्हा हेच. तो रे काय म्हणाला होता? बंद झालेलं त्याला दिसत नाही."

"प्रतिमा, प्रकरण परत उघडायचं तर आपण नष्ट केलं नाही असं कळवावं लागेल."

"मग कळवा. खरंच आहे ते."

फॉर्मवर पर्याय होते, जाळून, नांगरून, फवारणी करून, आणि शेवटी इतर. श्रीरामनं 'इतर' निवडलं. चौकट उघडली. तो तिच्याकडे बघत राहिला आणि ती सांगत गेली तसं टाइप करत गेला. आम्ही काहीही नष्ट केलेलं नाही. ही अंबाडी होती, खायची भाजी. तिचे शेंडे तीस ऑगस्टला सकाळी, उजेडी, आम्ही दोघांनी कापले. फ्रिस्कोला नेले. सव्वीस घरांत वाटले. त्यांनी शिजवून देवीला दाखवले आणि खाल्ले. आम्हीही खाल्ले. चव चांगली होती.

"हा कबुलीजबाब आहे," श्रीराम म्हणाला. "मशीनच्या हिशेबानं सव्वीस घरांना गांजा पुरवल्याचा. शेरीफ दारात उभा राहू शकतो."

"राहू दे. त्याला जेवायला घालू. तुम्हाला खोटं लिहायचंय का सरकारी कागदावर?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सबमिटचं बटण दाबलं.

पाच सेकंदांत उत्तर आलं. आपली माहिती निर्णयाशी विसंगत आढळल्यामुळे प्रकरण पुन्हा उघडण्यात आलं आहे. तपासणी माणसाकडून केली जाईल.

प्रतिमा उठली, विळा घेतला आणि रानात गेली. अंबाडीच्या खुंटांना पेराजवळ हिरवे डोळे दिसू लागले होते. आज तीन सप्टेंबर होता. महिना नवा होता आणि रेच्या हातात अजून तिन्हीच्या तिन्ही 'असहमत' शिल्लक असतील, असं ती मनात धरून चालली होती.